लाजरा गॅरी गोष्टी सांगू लागला

काही मुलांना चारचौघांत बोलायला उभं केलं की घशाला कोरड पडते. पाहुण्यांपुढे नाव सांगायचं म्हटलं तरी ती आईच्या पदराआड लपतात. आणि गंमत बघा, त्यांतलंच एखादं मूल मोठेपणी बोलण्यावर नाव मिळवतं! अमेरिकेतले रेडिओवरचे कथाकार गॅरिसन कीलर हे अशांपैकीच एक.

१९७४ साली कीलर यांनी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. मधली थोडी वर्षं सोडली, तर तो २०१६ पर्यंत चालला. 'अ प्रेअरी होम कम्पॅनियन' हे त्याचं नाव. दर शनिवारी संध्याकाळी भरल्या नाट्यगृहातून तो थेट प्रसारित होई. गाणी असत, नकला असत, खोट्या मालाच्या खोट्या जाहिराती असत. पण लोक खरी वाट पाहत ती मधल्या वीसेक मिनिटांची. उंच, किंचित वाकलेला हा गृहस्थ मायक्रोफोनपाशी येई आणि हातात कागदाचा चिटोरा न घेता एका गावाची हकिकत सांगू लागे. गावाचं नाव लेक वोबेगॉन. नकाशात शोधायला जाल तर सापडायचं नाही, कारण ते कीलर यांच्या मनातलं गाव! या आठवड्यात गावात विशेष काही घडलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून सुरुवात व्हायची. मग कुणाच्या परसातले टोमॅटो, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाचा जुना अबोला असं करत करत गोष्ट अशा जागी येऊन थांबायची की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहावं. भरभराटीच्या काळात आठवड्याला सुमारे ४० लाख माणसं हे ऐकत.

दूरदर्शनच्या जमान्यात नुसत्या आवाजावर एवढी माणसं बांधून ठेवणारा हा मनुष्य कुठल्या घरात वाढला असेल? नाटकवाल्यांच्या? गवयांच्या? तसं काही नाही. ज्या घरात सिनेमा वर्ज्य, नाच वर्ज्य, पत्ते वर्ज्य आणि मनाने रचलेल्या गोष्टींकडेही जरा संशयानेच बघायचं, अशा कडक घरातला हा मुलगा. त्या घराची हकिकत आपल्याला ओळखीची वाटेल, म्हणून ती मुद्दाम सांगावीशी वाटते.

भाऊ बहिणीसाठी आला, तो राहिलाच

कीलर घराणं मूळचं कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचं. गॅरिसनचे आजोबा जेम्स कीलर १८८० साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आले, ते नशीब काढायला नव्हे. त्यांची बहीण तिथे दिलेली होती. तिच्या नवऱ्याला क्षयाने गाठलं. पदरात मुलं, दाराशी शेती आणि घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला. भाऊ मदतीला म्हणून आला आणि कायमचा तिथलाच झाला. बहिणीचा संसार सावरण्यात त्याचं निम्मं तारुण्य गेलं. शेतासमोर रस्त्यापलीकडे एक शाळा होती. तिथल्या मास्तरीणबाईंशी, डोरा पॉवेल यांच्याशी, जेम्सनी बऱ्याच उशिरा लग्न केलं.

या डोराआजीही काही साध्या नव्हत्या. त्यांना एक जुळी बहीण होती, डेला. दोघी बहिणींनी रेल्वेत तारायंत्रावर काम केलेलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बायकांनी स्टेशनात बसून 'कट्ट कड कट्ट' करीत तारा पाठवायच्या, ही गोष्ट तिकडेही नवलाचीच होती. तेव्हा दूरच्या माणसाशी न दिसता बोलण्याची कला या घराण्यात रेडिओच्या आधीपासून होती म्हणायची!

आईकडचं घराणं डेनम. हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिनीआपोलिसला आलेलं. घरात तेरा मुलं! ग्रेस त्यांतली धाकट्यांपैकी. तेरा जणांच्या घरात जेवणाच्या टेबलाशी काय कल्ला होत असेल, याची कल्पना एकत्र कुटुंबात नांदलेल्या मैत्रिणींना सहज येईल.

जॉन कीलर शेतकऱ्याचा मुलगा आणि ग्रेस शहरात वाढलेली. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे धर्म. दोन्ही घरं 'प्लिमथ ब्रेदरेन' या लहानशा, कर्मठ ख्रिस्ती पंथातली. १९३० नंतरची ती मंदीची वर्षं. कामधंदा नाही, हातात पैसा नाही. त्यामुळे दोघांची भेट झाली तरी लग्नाला पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. पुढे संसार थाटला आणि सहा मुलं झाली. ७ ऑगस्ट १९४२ रोजी अनोका या गावी जन्मलेला गॅरी त्यांतला तिसरा. होय, घरी तो गॅरीच होता. 'गॅरिसन' हे भारदस्त नाव त्याने स्वतःच पुढे घेतलं, त्याचीही हकिकत आहे.

मक्याच्या शेतातलं घर

अनोका हे मिसिसिपी नदीच्या काठचं लहानसं गाव. रम नावाची नदी तिथे मिसिसिपीला मिळते. मिनीआपोलिस शहर तिथून तीसेक किलोमीटरांवर. थंडी अशी की नद्यानाले गोठून दगड व्हावेत. गॅरी पाच वर्षांचा असताना कुटुंब अनोकाजवळच्या ब्रुकलिन पार्क भागात राहायला गेलं. तेव्हा तिथे सगळी मक्याची शेतं होती. वडिलांनी एक एकराचा तुकडा घेतला आणि त्यावर स्वतःच्या हातांनी घर बांधलं.

जॉन हे टपालखात्यात नोकरीला होते. चालत्या आगगाडीच्या टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रांची वर्गवारी करायची, असं ते काम. बोलणं मोजकं, हात मात्र सतत कामात. सुतारकीत तरबेज. नोकरीवरून आले की करवत आणि हातोडी घेऊन सुरू. बापाचं प्रेम शब्दांत कधी उतरायचं नाही. ते कपाटाच्या फळीत आणि दुरुस्त केलेल्या सायकलीत शोधावं लागायचं. आपल्याकडचे कितीतरी वडील असेच होते, नाही का?

घराची खरी रहाटी ग्रेसबाईंच्या हाती. सहा मुलं आणि टपालखात्यातला पगार. घरामागे मोठा भाजीचा मळा होता. उन्हाळ्यात मुलांनी तण काढायचं, टोमॅटो, मका, घेवडा तोडायचा आणि आईने ते सगळं उकळून काचेच्या बरण्यांत हवाबंद करून ठेवायचं. इकडे वैशाखात आपली लोणची, पापड, कुरडयांची धांदल असते. तिकडे ऑगस्टमध्ये बरण्यांची. हिवाळ्यात बाहेर हातभर बर्फ साचलं की तळघरातली बरणी वर यायची. पुढे कीलर यांच्या रेडिओवरच्या गोष्टींत हे टोमॅटो, या बरण्या, हा मळा पुनःपुन्हा येत राहिला. त्यांच्या एका प्रसिद्ध गोष्टीत तर पोरगा नासका टोमॅटो उचलून वाकलेल्या बहिणीवर नेम धरतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटे, अरे, हे आमच्याच परसातलं!

ज्या सभेत बायका बोलत नसत

या कुटुंबाचा रविवार म्हणजे सगळा दिवस देवाचा. ब्रेदरेन पंथात पगारी धर्मगुरू नसतो. वाद्यं नाहीत, मूर्ती नाहीत, झगमगाट नाही. साध्या खोलीत सगळे गोल बसतात. ज्याला आतून वाटेल तो पुरुष उठतो, बायबलमधला उतारा वाचतो आणि त्यावर आपल्या मनाने बोलतो. लिहून आणलेलं भाषण नाही की पाठ केलेली प्रार्थना नाही. बायकांनी मात्र डोकं झाकून मुकाट बसायचं. त्यांना सभेत बोलण्याची मुभा नाही.

लहानगा गॅरी वर्षानुवर्षं हे ऐकत बसला. हातात कागद न घेता उभं राहायचं, संथ आवाजात सुरुवात करायची, मध्ये थांबायचं, शांततेला घाबरायचं नाही. पुढे रेडिओवर त्याने जे केलं त्याची ही तालीमच म्हणायची. कीर्तनाला नेमाने जाणाऱ्या घरातलं पोर जसं नकळत कीर्तनकाराची ढब उचलतं, तसंच.

पण ढब मिळाली सभेतून, गोष्टी मात्र मिळाल्या दुसरीकडून. सभा संपली की नातलग एकमेकांच्या घरी जेवायला जमत. पानं आटोपली तरी कुणी उठत नसे. आत्या, मावश्या, काका, आजी यांच्या गप्पा रंगत. कोण कुठून आलं, कुणाचं पीक बुडालं, कुणाचा घोडा उधळला, कोण कुणाशी का बोलत नाही. सभेत गप्प बसणाऱ्या बायका इथे भरभरून बोलत. मुलांना खेळायला पिटाळलं तरी गॅरी कोपऱ्यात बसून ऐके. आजीचे भाऊ लू पॉवेल हे घराण्यातले नावाजलेले गोष्टीवेल्हाळ. पूर्वजांच्या घराला आग लागली तेव्हा सगळे कसे बाहेर पडले, ही गोष्ट ते अशी रंगवत की मुलांना धूर नाकात गेल्यासारखा वाटे. गोष्ट सांगण्याचा पहिला धडा आपण या आजोबांकडून घेतला, असं कीलर यांनी मोठेपणी सांगितलं आहे.

या घरात सिनेमा नव्हता. दूरदर्शनचा संचही पुष्कळ वर्षं नव्हता. रेडिओ मात्र होता. बातम्या, हवामान, प्रार्थना यांसाठी तो घरात आलेला. त्याच्यामागोमाग विनोदी कार्यक्रम आणि नाटुकलीही आत शिरली. दाराला कडी लावली तरी खिडकीतून वारा येतो, तसंच हे!

पोहण्याच्या शिकवणीचं काय झालं?

आता जी गोष्ट सांगते, ती प्रत्येक आईने ऐकण्यासारखी आहे.

गॅरी प्राथमिक शाळेतून जरा वरच्या वर्गांत गेला असेल, त्या सुमारास घराण्यात एक भयंकर प्रसंग घडला. त्याचा मोठा चुलत भाऊ, ऐन उमेदीतला मुलगा, पाण्यात बुडून गेला. त्याला पोहता येत नव्हतं. मिनेसोटा म्हणजे तळ्यांचा प्रदेश, जिकडे पाहावं तिकडे पाणी. ग्रेसबाईंच्या काळजाने ठाव सोडला. आपल्या मुलाला पोहता आलंच पाहिजे, असं ठरवून त्यांनी पैसे भरले आणि मिनीआपोलिसच्या एका तलावावर त्याचं नाव घातलं. ठरल्या दिवशी बसने जायचं, शिकून परत यायचं.

गॅरी गेला आणि पहिल्याच दिवशी हादरला. त्या काळी तिथे मुलांनी अंगावर काहीही न घालता पोहावं असा रिवाज होता. त्यात शिकवणारा माणूस खेकसणारा. आधीच लाजरा मुलगा, तो मेल्याहून मेला झाला! एकदोनदा जाऊन त्याने तिकडे पाठ फिरवली. पण घरी सांगायचं कसं? आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता. म्हणून तो बसने शहरात जातच राहिला. फक्त तलावाऐवजी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तिथून पाय वळत ते डब्लूसीसीओ या मोठ्या रेडिओ केंद्राकडे. तिथे प्रेक्षकांना बसवून थेट कार्यक्रम होत. हा पोरगा गर्दीत बसून बघे.

त्याने काय पाहिलं असेल? साध्या कपड्यांतली चार माणसं मायक्रोफोनभोवती उभी आहेत. पडदा नाही, रंगरंगोटी नाही. तोंडाने बोलतायत, गातायत, आणि तेच बोलणं मैलोगणती दूर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचतंय. तिथल्या बाईला यांचा चेहरा दिसत नाही, पण आवाज ओळखीचा आहे. ज्या मुलाला लोकांच्या नजरेचीच भीती, त्याला ही जागा किती सुरक्षित वाटली असेल!

आईला तो थाप मारत राहिला. त्या थापेची टोचणी त्याला पुढेही लागून राहिली असावी, कारण याच अनुभवावर त्याने मोठेपणी एक कथा लिहिली. मला वाटतं, या गोष्टीत दोष कुणाच्या पदरात टाकण्यात अर्थ नाही. ग्रेसबाईंची भीती खरी होती. मुलाची लाजही खरी होती. आईने मुलाला पाण्यातून वाचवण्यासाठी पैसे भरले आणि त्या पैशांतून मुलाला रेडिओ सापडला. आपण मुलांना एका वाटेने धाडतो आणि ती भलत्याच दाराशी जाऊन उभी राहतात. कधी कधी ते दार त्यांचंच असतं.

चष्मा काढून ठेव

शाळेत गॅरीला एक समंजस शिक्षिका भेटल्या. वर्गापुढे उभं राहून वाचायची वेळ आली की हा मुलगा थरथरे. त्यांनी एक साधी युक्ती सांगितली: चष्मा काढून ठेव. चष्मा काढल्यावर समोरचे चेहरे पुसट झाले, कोण हसतंय, कोण डोळे वटारतंय ते दिसेना, आणि वाचन पार पडलं. मुलाची भीती घालवण्यासाठी दरवेळी भाषणं द्यावी लागत नाहीत, नाकावरचा चष्मा उतरवला तरी पुरतं!

पुढे तपासणीत डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष असल्याचं आढळलं. फुटबॉल खेळायला मनाई झाली. अमेरिकेतल्या शाळकरी मुलाला हे किती लागत असेल! गॅरी गावातल्या 'अनोका हेरल्ड' या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला आणि शाळेच्या सामन्यांची वर्णनं लिहून देऊ का, असं विचारलं. खेळता येत नाही तर निदान खेळाची गोष्ट सांगू. (तीच झडप पुढे २००१ साली शस्त्रक्रिया करून दुरुस्त करावी लागली.)

कविताही तो करू लागला होता. पण पोरगेल्या वयात कविता करणं म्हणजे वर्गात चेष्टेला निमंत्रण. तेराव्या वर्षी शाळेच्या अंकात कविता द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने 'गॅरी' हे घरचं नाव बाजूला ठेवलं आणि 'गॅरिसन' असं दणदणीत नाव लिहिलं. नावाचं चिलखतच म्हणा ना! ते त्याच्या अंगावर कायमचं राहिलं.

१९६० साली शाळा संपली. मिनेसोटा विद्यापीठात शिकताना त्याने मोटारींच्या तळावर उभं राहून गाड्या लावून घेतल्या, भांडी घासली, आणि विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर निवेदकाचं काम केलं. १९६६ साली इंग्रजी घेऊन तो पदवीधर झाला. त्याआधीच, १९६५ साली, मेरी गुंट्झेल हिच्याशी लग्न झालं होतं. १९६९ साली मुलगा झाला.

डझनभर श्रोते

त्याच वर्षी कॉलेजव्हिल या ठिकाणच्या रेडिओ केंद्रावर त्याला पहाटेच्या कार्यक्रमाची नोकरी मिळाली. हे केंद्र होतं कॅथलिक साधूंच्या मठाच्या आवारातल्या विद्यापीठात! ब्रेदरेन घरातला मुलगा तिथे जाऊन माइकपुढे बसला. नवराबायको जवळच्या खेड्यात भाड्याच्या घरात राहू लागली. तिथली जर्मन कॅथलिक शेतकरी मंडळी अबोल. नव्या माणसाशी चटकन बोलायची नाहीत. एकटं पडण्याचं ते दुःख कीलर यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. पण त्या अबोल गावाचे रस्ते, चर्च, दुकान आणि त्यांच्या बालपणीच्या अनोकातली माणसं, यांचं मिश्रण होऊनच लेक वोबेगॉन जन्माला आलं.

१९७४ साली ते एका साप्ताहिकासाठी नॅशव्हिलच्या जुन्या, लोकप्रिय रेडिओ जलशावर लेख लिहायला गेले. परत आले ते डोक्यात कल्पना घेऊन. ६ जुलै १९७४ रोजी सेंट पॉल इथल्या मॅकॅलेस्टर कॉलेजच्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. प्रेक्षक किती? जेमतेम डझनभर! तिकीट मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना निम्मं. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. हे दर आठवड्याला येत राहिले. १९८० पासून कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला. १९८५ साली 'लेक वोबेगॉन डेज' हे पुस्तक आलं आणि 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र झळकलं.

या कार्यक्रमाचा एक खोटा आश्रयदाताही होता, एका काल्पनिक बिस्किटांचा कारखाना. ही बिस्किटं खाल्ली की लाजऱ्या माणसांना उठून कामाला लागायचं बळ येतं, अशी त्यांची जाहिरात! लहानपणी पाहुण्यांपुढे गप्प राहणारा गॅरी असा दर शनिवारी स्वतःचीच थट्टा करून घेई. आणि गोष्टीच्या शेवटी गावाचा निरोप घेताना तिथल्या बायका खंबीर आहेत, ही ग्वाही आधी दिली जायची. पुरुषांची आणि मुलांची पाळी त्यानंतर. सभेत मुकाट बसणाऱ्या आणि स्वयंपाकघरात घराचा सगळा इतिहास सांगणाऱ्या बायका ज्याने पाहिल्या, त्याला हे सांगावंसं वाटलं यात नवल नाही.

घरची गोष्ट बाहेर सांगताना

इथे एक नाजूक प्रश्न येतो. घरातलं बाहेर नेऊ नये, अशी आपल्याला शिकवण असते. ब्रेदरेन लोकांची तर फारच. त्यांच्यात मुलाचं तोंडावर कौतुकही करत नसत. कौतुकाने गर्व चढतो, ही त्यांची समजूत. अशा घरातला मुलगा लाखो लोकांना घरच्यासारख्याच गोष्टी सांगतो, तेव्हा आईवडिलांनी काय करायचं?

कीलर यांनी गावाचं नाव कल्पित ठेवलं, माणसांची नावं बदलली. पण तक्रारी लपवल्या नाहीत. 'लेक वोबेगॉन डेज'मध्ये गावाबाहेर पडलेल्या एका मुलाचं पानंच्या पानं भरणारं गाऱ्हाणं आहे. आईबापांनी आपल्याला कसं कोंडून, लाजवून, भीती घालून वाढवलं याच्या पंचाण्णव कलमांची ती यादी! वाचताना हसू येतं आणि मध्येच एखादं कलम छातीत रुतून बसतं. कुठल्याही आईला वाचताना आपलीच एखादी चूक त्यात सापडेल.

पण त्याच मुलाने आपल्या कार्यक्रमात घरची भक्तिगीतंही कायम ठेवली. बालपणी वाद्यांवाचून गाइली जाणारी ती गाणी नाट्यगृहात होत आणि सगळे प्रेक्षक त्यात सूर मिसळत. घर सोडलं, घराचे नियम सोडले, सूर मात्र सोबत नेला. आईवडिलांशी भांडण आणि आईवडिलांचं ऋण ही दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्या गोष्टी ऐकून पटतं.

त्यांचा स्वतःचा संसार मात्र गोष्टीइतका सरळ झाला नाही. पहिलं लग्न १९७६ साली मोडलं. १९८५ साली शाळेतल्या एका जुन्या डॅनिश मैत्रिणीशी दुसरं लग्न झालं. तोवर कीर्ती एवढी वाढली होती की वर्तमानपत्रं त्यांच्या नव्या घराविषयीही छापू लागली. इतरांच्या घरांत डोकावून गोष्टी सांगणाऱ्या माणसाला आपल्या घरात डोकावणं सहन होईना! १९८७ साली कार्यक्रम बंद करून दोघं डेन्मार्कला गेली. पुढे कीलर परतले, कार्यक्रमही पुन्हा उभा राहिला. दुसरं लग्नही टिकलं नाही. १९९५ साली जेनी लिंड निल्सन या व्हायोलिनवादक बाईंशी तिसरं झालं आणि त्यांना एक मुलगी झाली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून ही हकिकत पुरी होत नाही. २०१६ साली कीलर कार्यक्रमातून निवृत्त झाले. २०१७ च्या नोव्हेंबरात, सोबत काम करणाऱ्या व्यक्तीशी अनुचित वर्तन केल्याच्या आरोपावरून, मिनेसोटाच्या रेडिओ संस्थेने त्यांच्याशी असलेले संबंध तोडले. कीलर यांनी आपली बाजू वेगळी मांडली. २०१८ साली दोन्ही पक्षांत समझोता झाला आणि जुने कार्यक्रम ऐकण्याची सोय पुन्हा सुरू झाली. पण कित्येक चाहत्या बायकांच्या मनाला चरा पडला तो पडलाच. आवाजावर प्रेम करणाऱ्यांनी माणसालाही तेवढंच निर्मळ समजावं का, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशी सोडवायचा.

ग्रेसबाईंचं देणं

जॉन कीलर २००१ साली गेले. ग्रेसबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभलं. जुलै २०१२ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांनी डोळे मिटले. तेरा भावंडांत वाढलेली, मंदीत लग्नासाठी थांबलेली, सहा मुलांना मळ्यातल्या भाजीवर वाढवलेली ही बाई कधी रेडिओवर बोलली म्हणून प्रसिद्ध झाली नाही. पण तिच्या घरातल्या जेवणानंतरच्या गप्पा चाळीस वर्षं अमेरिकाभर ऐकल्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्याही घरात अशा गोष्टी असतात. पणजोबांनी गाव का सोडलं, आजीने लग्नात किती भाकऱ्या थापल्या, विहिरीत पडलेलं भांडं कुणी काढलं. सांगणारी माणसं एकेक करून जातात आणि गोष्टीही जातात. सासूबाईंना, आईला एखाद्या दुपारी भाजी निवडताना विचारून बघा. नावं, गावं, सालं वहीत टिपून ठेवा. आणि त्या वेळी एखादं मूल अभ्यास टाकून कोपऱ्यात कान देऊन बसलेलं दिसलं, तर लगेच "जा, आत जा" म्हणून त्याला उठवू नका. अभ्यास तासाभराने केला तरी चालतो. सासूबाईंची गोष्ट मात्र त्या दुपारीच ऐकायची असते.